नाकाचं ऑपरेशन झालं, आता तोंड कसं धुवायचं?

लग्नाआधी नाक नीट करून घ्यावं, हा विचार आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. कोल्हापुरातली तरुण मुलं-मुलीही त्यासाठी सर्जनकडे जातात. शिवाय ‘हाड वाढलंय’ म्हणून श्वासासाठी होणारी ऑपरेशनं आहेत. दुचाकीवरून पडून, नाहीतर शाहू स्टेडियमवर हेडर घेताना दुसऱ्याचं डोकं लागून मोडलेली नाकंही आहेत. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर गोळ्यांच्या वेळा सविस्तर असतात, त्वचेबद्दल मात्र बहुतेकदा एकच ओळ: चेहरा स्वच्छ ठेवा. तिचा अर्थ जो तो आपल्या परीनं लावतो. कुणी आठवडाभर तोंडाला पाण्याचा थेंब लागू देत नाही, तर कुणी प्लास्टर निघाल्या दिवशीच डाळीचं पीठ कालवून नाक घासायला बसतं. नुकसान दुसऱ्याचं जास्त होतं. ते का, हे कळलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

आधी कागद बघा, कोणतं ऑपरेशन झालंय?

आपण ज्याला ‘हाड वाढणं’ म्हणतो तो बहुतेक वेळा दोन नाकपुड्यांमधला वाकडा झालेला पडदा असतो. तो सरळ करायचं ऑपरेशन, म्हणजे सेप्टोप्लास्टी, नाकाच्या आतून होतं. बाहेरच्या कातडीला सहसा सुरीही लागत नाही. अशा माणसाच्या त्वचेच्या तक्रारी साध्या असतात: नाकपुडीच्या तोंडाशी रक्ताच्या खपल्या, सतत ठिपकणाऱ्या स्रावानं सोललेला वरचा ओठ आणि चिकटपट्टीचं पुरळ.

नाकाचा आकार बदलायचं ऑपरेशन म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी. यात नाकावरची कातडी खालच्या हाडापासून आणि कूर्चेपासून, म्हणजे कानाच्या वरच्या भागात असतं तशा मऊ हाडापासून, सोडवून उचलली जाते. काम झालं की परत बसवली जाते. काही वेळा दोन नाकपुड्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर बाहेरून छोटा छेद असतो, काही वेळा सगळं आतूनच होतं. नाकपुड्या लहान केल्या असतील तर गालाच्या खाचेतही टाके असतात. हाड कापून बसवलं असेल तर डोळ्यांखाली काळं-निळं होतंच. पुढचं बरंचसं लिखाण या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. दोन्ही ऑपरेशनं एकदम झाली असतील तर दोन्हीकडचे नियम पाळायचे.

कातडीखाली काय घडलेलं असतं

भाताची लावणी पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. तरव्यातून उपटून चिखलात लावलेलं रोप पहिले काही दिवस मलूल दिसतं. ते मेलेलं नसतं, फक्त मुळं अजून धरलेली नसतात. त्या दिवसांत कुणी त्याला हलवून बघत नाही. उचलून परत बसवलेल्या कातडीचंही तसंच आहे. तिला रक्त येतं ते कडेनं, शाबूत राहिलेल्या वाहिन्यांतून. खालच्या सांगाड्याशी ती पुन्हा चिकटायला काही आठवडे लागतात.

नाकाच्या कातडीचं जगणं-मरणं रक्तावर अवलंबून असतं, हे आपल्याकडे जुनंच ज्ञान आहे. कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं टिपूच्या कैदेत कापलेलं नाक पुण्याकडच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून बनवलं. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापून आली. त्या कारागिरानं कपाळाची कातडी एकदम तोडून घेतली नव्हती. भुवयांच्या मधे तिचा देठ राखला होता. रक्त त्या देठातून येत राहिलं म्हणून कातडी जगली.

कातडी उचलली की आणखी तीन गोष्टी होतात. साचलेलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात, म्हणून सूज येते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. बरीचशी काही आठवड्यांत उतरते, शेंड्याची मात्र वर्षभरही रेंगाळते. दुसरं म्हणजे बारीक नसा दुखावतात आणि शेंडा बधिर होतो. हा बधिरपणा आठवडे, कधी महिनेही टिकतो. चटका बसला तरी कळत नाही, हा यातला खरा धोका. तिसरी गोष्ट तेलाची. नाकाच्या खालच्या निम्म्या भागावर तेलग्रंथींची दाटी असते. प्लास्टरखाली त्यांचं तेल, घाम आणि मेलेल्या पेशी साचत राहतात.

प्लास्टर असेपर्यंत

नाकावरचं प्लास्टर किंवा साचा साधारण ५ ते ७ दिवस असतो. या काळात काम एकच: तो कोरडा आणि जागच्या जागी ठेवणं. ओला झाला की गोंद सुटतो आणि साचा उचलला जातो. मग त्या फटीत सूज भरते. म्हणून अंघोळ मानेखालून, बादलीतल्या कोमट पाण्यानं. बंद न्हाणीघरात कढत पाण्याची वाफ कोंडू देऊ नका. केस दुसऱ्याकडून धुवून घ्यायचे, डोकं मागे टाकून. बाकीचा चेहरा म्हणजे कपाळ, गाल आणि हनुवटी, ओल्या मऊ सुती कापडानं पुसायचा. तेवढं पुरतं.

झोपताना पाठ आणि डोकं ३० ते ४५ अंश वर हवं. नुसत्या दोन उशा मानेखाली घेतल्या तर मान वाकते आणि पाठ सपाटच राहते, मग उपयोग कमी. उशांची उतरंड कमरेपासून सुरू करा. आठवडा ते दोन आठवडे असंच झोपायचं.

बर्फ पहिले ४८ तास, जागेपणी तासातून एकदा, १० ते १५ मिनिटं. तो गालांवर आणि डोळ्यांवर ठेवायचा, नाकावर कधीच नाही. फ्रीजमधल्या मटारांची पिशवी रुमालात गुंडाळून घेतली तर ती गालावर नीट बसते आणि वजनही पडत नाही. बर्फाचा खडा थेट कातडीला लावू नका. चुकून बधिर भागावर टेकला तर कातडी गोठल्याचंही समजत नाही.

नाक बंद असल्यानं तोंडानं श्वास चालतो आणि ओठ फुटतात. त्यावर व्हॅसलीन बिनधास्त लावा. तेच वरच्या ओठावर पातळसं लावलं की ठिपकणाऱ्या स्रावानं कातडी सोलत नाही. पण व्हॅसलीन किंवा तूप बोटानं नाकपुडीत खोलवर घालायचं नाही. आत नुसतं सलाइन, म्हणजे खारं पाणी, फवाऱ्यानं मारायचं. ते मेडिकलमधून आणा, घरी मीठ अंदाजानं घालू नका. नळाचं न उकळलेलं पाणी तर नाकात अजिबात नको. त्यात क्वचित असणारा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. जलनेती करणाऱ्यांनी ती सर्जन परवानगी देईपर्यंत बंद ठेवावी.

बाहेरचे टाके दिवसातून दोनदा पुसायचे. कापसाची काडी सलाइनमध्ये बुडवायची, टाक्यावर ठेवून खपली भिजेपर्यंत थांबायचं, मग काडी हलकेच फिरवत खपली उचलायची. ओढायची नाही. निघाली नाही तर संध्याकाळी बघू. त्यावर डॉक्टरांनी दिलेलं मलम, तांदळाच्या दाण्याएवढं.

मलमाबद्दल एक सूचना. घरोघरी असणाऱ्या सोफ्रामायसिनमध्ये फ्रॅमिसेटिन असतं. ते निओमायसिनच्या कुळातलं औषध. या कुळाची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते. टाक्याभोवती खाज आणि बारीक पाणीदार फोड आले की घरचे म्हणतात ‘जंतुसंसर्ग झालाय, अजून लाव’, आणि फोड वाढत जातात. खाज सुटली तर मलम बंद करून डॉक्टरांना दाखवा. चिकटपट्टीच्या ॲलर्जीची खूण आणखी सोपी आहे. लाली बरोबर पट्टीच्याच आकाराची असते, कडा आखल्यासारख्या सरळ.

प्लास्टर निघालं, पहिली धुलाई

आरशातलं नाक बघून बहुतेक जण दचकतात. कातडी पिवळट, चिकट, सोललेली. छिद्रांतून पांढरे ठिपके डोकावतायत. शेंडा सुजून वर गेलेला. हे सगळं अपेक्षित आहे. साचलेल्या तेलाचा आणि मेलेल्या पेशींचा हा थर दोन-तीन दिवसांच्या साध्या धुण्यानं आपोआप जातो. त्याच दिवशी सगळा काढायची घाई करू नये.

गोंदाचे चिकट पट्टे राहिले असतील तर कापसावर बेबी ऑइल घेऊन तो त्या जागी दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवा, मग पुसा. टाक्याच्या जागेपासून तेल दूर राहू द्या. एखादी कागदी पट्टी मुद्दाम ठेवली असेल तर ती सुटेपर्यंत राहू द्यायची. काढायला सांगितली असेल तर आधी पाण्यानं पूर्ण भिजवायची, आणि कातडीला समांतर, हळूहळू सोलायची. दुसऱ्या हाताचं बोट पट्टीमागच्या कातडीवर टेकलेलं असावं, म्हणजे पट्टीबरोबर कातडी उचलली जात नाही.

आता धुणं. पाणी कोमट, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलेलं. बधिर नाकाला गरम-गार कळत नाही, मनगटाला कळतं. वास नसलेला सौम्य फेसवॉश वाटाण्याएवढा तळहातावर फेसून घ्यायचा. दोन्ही हातांची मधली बोटं नाकाच्या दोन बाजूंना एकदम ठेवून वरून खाली न्यायची. एका बाजूनं रेटा देऊ नका, नुकतंच बसवलेलं हाड आडव्या दाबाला कच्चं असतं. पाण्याचे हबके मारायचे नाहीत, ओंजळीतून सोडायचं. मग जुन्या धुतलेल्या मऊ सुती कापडानं टिपायचं. टर्कीश टॉवेल नको, त्याचे धागे टाक्यात अडकतात. हे दिवसातून दोनदा. तिसऱ्यांदा धुतल्यानं नाक जास्त स्वच्छ होत नाही, कातडी फक्त सुकते आणि आणखी तेल सोडल्यासारखी वाटते.

धुतल्यावर हलकं, छिद्रं न बुजवणारं मॉइश्चरायझर. ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड असलेलं साधं क्रीम पुरे. महागड्या बाटल्यांची इथं काही गरज नाही.

पुरळ आणि काळे ठिपके

प्लास्टर निघाल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत नाकावर आणि गालांवर मुरमं येणं नेहमीचं आहे. जाड, तेलकट कातडीवर जास्तच. फोडायची नाहीत. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणातल्या शिरा डोक्याच्या आतल्या शिरांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे इथला संसर्ग क्वचित फार महागात पडतो. शिवाय बोटांच्या दाबानं सूज वाढते ती वेगळीच. नाकावर लावून खेचायच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्या आणि पार्लरमधलं ते ओढून घेणारं यंत्र तर अजिबात नको. अजून न चिकटलेली कातडी वर खेचणं म्हणजे सर्जनचं काम उलटं करणं.

मुरमांसाठी आधीपासून रेटिनॉल, सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक ॲसिड लावत असाल तर नाकावर ते साधारण ४ ते ६ आठवडे थांबवा, आणि टाक्याची जागा पूर्ण भरल्यावरच सुरू करा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या काही महिन्यांत घेतल्या असतील, तर ते ऑपरेशनच्या आधीच सर्जनना सांगायचं असतं. गोरं करणारी म्हणून विकली जाणारी, स्टेरॉइड मिसळलेली क्रीमं कपाटातून काढून टाका. त्यांनी कातडी पातळ होते आणि मुरमं वाढतात. ऑपरेशन झालं असो वा नसो, चेहऱ्यावर त्यांचं काम नाही.

“पण हळद तर औषधी असते ना?”

असते, आणि म्हणूनच हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. अडचण हळदीच्या गुणांची नाही. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. तिचे कण टाक्याच्या फटीत बसतात, खपली पिवळी होते, आणि मग खाली पू आहे की हळद, हे डॉक्टरांनाही कळत नाही. डाळीचं पीठ आणि उटणं खरखरीत असतं. लिंबू झोंबतं आणि उन्हात डाग पाडतं. टूथपेस्टनं चट्टे उठतात. कोरफडीचा ताजा गर अनेकांना खाजवतो. सहा आठवडे या सगळ्यांना सुटी. आजीबाईंना वाईट वाटत असेल तर हळद दुधातून घ्या, तिथं ती कुणाच्या वाटेत येत नाही.

“नाक चोंदलंय, वाफ घेऊ का?”

नको. सर्दीला उत्तम असलेला उपाय इथं तिन्ही बाजूंनी चुकतो: उष्णतेनं रक्तवाहिन्या फुगून सूज आणि रक्तस्राव वाढतो, साच्याचा गोंद सुटतो, आणि बधिर नाक पातेल्याच्या किती जवळ गेलंय ते कळत नाही. चोंदणं आतल्या सुजेमुळे असतं, ते वाफेनं जात नाही. सलाइनचा फवारा मारा आणि थांबा. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

चुलीपुढं किंवा गॅसच्या शेगडीपुढं वाकून केलेला स्वयंपाकही यातच येतो. पहिले दोन आठवडे भाकरी दुसऱ्या कुणीतरी थापाव्यात. आणि तांबडा रस्सा थोडा लांबणीवर. झणझणीत खाल्लं की नाक गळतं, मग हात आपोआप पुसायला जातो. पांढरा रस्सा कोमट करून प्यायला हरकत नाही, मटणाचे चिवट तुकडे मात्र नकोत. जोरानं चावलं की वरचा ओठ आणि त्याच्या वरचा टाका ओढला जातो.

काळं-निळं जातं, तपकिरी राहतं

डोळ्यांखालचा जांभळा रंग हिरवट, मग पिवळा होत १० ते १४ दिवसांत जातो. तो खाली गालावर उतरला तरी घाबरू नका, रक्त वजनानं खाली सरकतं. त्या काळात ऊन लागलं तर मात्र सावळ्या-गव्हाळ कातडीवर तपकिरी डाग उरतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. टाक्याचा ताजा व्रणही उन्हात गडद होतो.

म्हणून प्लास्टर निघाल्यावर, कातडी शाबूत असेल तिथं, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं असेल तर कमी झोंबतं. तोंडाला आणि मानेला मिळून दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांइतकं लागतं. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घामानं चिकट होतं ही तक्रार खरी आहे. जेल प्रकारचं घ्या आणि रुंद काठाची टोपी वापरा. व्रण वर्षभर जपायचा असतो.

डाग झाकायला कन्सीलर लावायचं असेल तर साधारण दहाव्या दिवसापासून, टाक्याची जागा सोडून. लावताना त्रास नसतो, काढताना असतो. मायसेलर पाण्याचा कापूस टेकवून ठेवा, घासू नका.

तंबाखू आणि मिश्री

यावर घासाघीस नाही. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि कडेच्या वाहिन्यांवर जगणारी कातडी मरायला तेवढंच पुरतं. शेंडा काळा पडून कातडी मरणं हा नाकाच्या ऑपरेशनमधला सर्वांत वाईट प्रसंग. तंबाखू ओढली, चघळली किंवा मिश्री म्हणून दाताला लावली, निकोटिन रक्तात जातंच. मिश्री लावणाऱ्या बायका ‘मला व्यसन नाही’ असं सांगतात आणि सर्जन तेच लिहून घेतात. विचारलं नाही तरी सांगा. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद. दुखण्यावर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन मनानं घ्यायच्या नाहीत, रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र स्वतःहून बंदही करायची नाही.

लगेच फोन करायचा तो केव्हा

शेंड्याची कातडी पांढरीफटक, जांभळी किंवा काळपट दिसली तर सकाळची वाट बघू नका. तसंच लाली पसरत चालली, पू किंवा घाण वास आला, ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, नाकपुड्या मिटून १५-२० मिनिटं दाबूनही रक्त थांबेना, दिसायला अंधुक झालं. आत कापसाची बत्ती असताना ताप, अंगावर लाल पुरळ आणि उलट्या एकत्र आल्या तर तातडीनं. दोन लक्षणं फसवी असतात. एक, ठणका वाढत जाऊन नाक एकदम गच्च बंद होणं; पडद्यात रक्त साचलेलं असू शकतं आणि ते वेळेत काढलं नाही तर पडदा बसतो. दुसरं, पुढं वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाण्याची धार लागणं. ती सर्दी समजून सोडू नका.

नथ, चष्मा, गुलाल

तारीख ठरवताना हे आधी मोजा. चमकी ऑपरेशनच्या आधीच काढायला सांगतात, आणि भोक बुजेल म्हणून ती आठवड्याभरात परत घालायचा मोह होतो. बुजलं तर नंतर पुन्हा टोचता येतं. गुजरीतल्या सराफाकडून हौसेनं घडवून आणलेली मोत्यांची नथ वजनदार असते, दाबाची असेल तर नाकपुडीला चिमटाही बसतो. लग्नात ती घालायची असेल तर ऑपरेशन आणि मुहूर्तात निदान तीन महिने ठेवा, सहा ठेवले तर फोटोही बरे येतील.

चष्मा हाडाच्या ऑपरेशननंतर ४ ते ६ आठवडे नाकाच्या दांडीवर टेकवायचा नाही. मधल्या पुलाला मायक्रोपोर पट्टी लावून तो कपाळाला टांगतात. दिसतं विचित्र, पण चालतं. तोंड झाकणारं घट्ट हेल्मेट काढता-घालताना नाकाला घासतंच, आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवणं हा काही पर्याय नाही. म्हणजे तेवढे दिवस रिक्षा, केएमटीची बस किंवा भावाची चारचाकी. फेशियल, ब्लीच, ओठांवरचं थ्रेडिंग सहा आठवडे नाही. पोहणं महिनाभर तरी नाही. तालमीतली कुस्ती आणि फुटबॉल सहा आठवड्यांनंतर, तेही सर्जननी नाक चाचपून हो म्हटल्यावरच.

राहिला गुलाल. रंगपंचमी, जोतिबाची चैत्र यात्रा, विसर्जन मिरवणूक, कोल्हापुरात चेहऱ्यावर रंग पडायला निमित्त लागत नाही. बारीक पूड टाक्यात बसली तर व्रणात रंग कायमचा राहू शकतो, आणि धुताना जे घासलं जातं त्याचा त्रास वेगळा. टाके निघून सहा आठवडे झाले नसतील तर यंदा जोतिबाच्या डोंगरावर गर्दीत जाऊ नका. झालेच असतील तर निघताना व्रणावर व्हॅसलीनचा थर लावा, आणि घरी आल्यावर आधी तेलाच्या कापसानं रंग टिपून मग पाणी लावा.